म्हाकूल बघायला गेलेली बाई

मी दारात चपला काढायच्या आत तिचा प्रश्न यायचा, "आज कोण कोण भेटलं?"

हा प्रश्न माणसांबद्दल नसायचा. रत्नागिरीत ज्या घरात मी चार वर्षं राहिले, त्या घराची मालकीण मूळची हर्णेची. संध्याकाळी होड्या किनाऱ्याला लागल्या की तिथे वाळूतच माशांचा लिलाव होतो. त्या वाळूत तिने चाळीस वर्षं काढली होती. गुडघ्यांनी उभं राहायला नकार दिला तेव्हा मुलाने तिला रत्नागिरीच्या नव्या घरात आणून ठेवलं आणि स्वतः नोकरीसाठी बायकोमुलांना घेऊन मुंबईला गेला. घर चांगलं होतं. जांभ्याचं कुंपण, मागे हापूसची दोन कलमं, चोवीस तास पाणी. पण शेजारी सगळे बागायतदार, मास्तर आणि बँकेतली माणसं. त्यांच्याशी ती बोलणार तरी काय? म्हणून तिने मागची खोली भाड्याने द्यायची ठरवली, आणि खोली बघायला आले मी.

मी काम काय करते ते सांगितल्यावर तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "म्हणजे तू त्यांच्या घरी जातेस?"

"कुणाच्या?"

"माशांच्या गो."

खोली मला तिथेच मिळाली.

मी स्कूबा शिकवते. शिकवते म्हणजे, पोहताही न येणाऱ्या पर्यटकांना सूट चढवून, पाठीला सिलिंडर बांधून, पंधरा-वीस फूट खाली नेऊन आणते. किनाऱ्यापासून होडीने वीस मिनिटांवर खडकांची एक रांग आहे. खडकांवर प्रवाळ आहे, पाणी उथळ आहे, लाटा फारशा आत येत नाहीत. पहिल्यांदा उतरणाऱ्याला ती जागा फार चांगली. माझं गाव अलोरे. वडील कोयना प्रकल्पात नोकरीला, आम्ही कॉलनीत वाढलो, आणि आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. मी आजही खात नाही. मालकिणीला, म्हणजे मावशीला, याचं भारी वाईट वाटायचं. "दिवसभर त्यांच्यात राहतेस आणि रात्री पिठलं खातेस," असं म्हणत ती मला कुळथाची पिठी वाढायची आणि स्वतःच्या ताटातला बांगडा माझ्या नजरेआड, ताटाच्या पलीकडच्या कडेला सरकवायची.

तर आमच्या दोघींची गंमत अशी होती. मासे मी रोज जिवंत बघत होते, पण त्यांची नावं मला ठाऊक होती ती फक्त होडीवरच्या प्लॅस्टिकच्या कार्डावरची, इंग्रजीतली. तिला सगळी नावं पाठ, पण तिने बघितलेला प्रत्येक मासा टोपलीतला. संध्याकाळी मी ते कार्ड घरी आणायची आणि ओटीवर बसून आमची झाडाझडती सुरू व्हायची.

"हा गोबरा," ती बोट ठेवायची. "ही तांब. हे पाकट, शेपटीला हात नको लावू. आणि हा कोण?"

"सार्जंट मेजर."

"कसला मेजर. हा कधी जाळ्यात आला तर पोरं फेकून देतात. ह्याला बाजार नाय, म्हणून ह्याला नाव पण नाय."

नाव नाही हे मात्र तिला सहन होईना. दोन दिवस विचार करून तिने त्याचं नाव 'पट्टेवाला' ठेवलं, कारण अंगावर काळे पट्टे आणि सारखा कुणाच्या तरी मागे-पुढे. पिवळ्याधमक चपट्या माशाला तिने 'हळकुंड' म्हटलं. मी ही नावं होडीवर वापरायला लागले. पुण्याहून आलेले लोक वर आल्यावर "आम्हाला सात पट्टेवाले दिसले" असं एकमेकांना सांगायचे. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती उठून आत गेली आणि उगीचच भांडी घासत बसली. फार आनंद झाला की ती भांडी घासायची.

माणसं ती माशांवरूनच ओळखायची. आमचे स्कूबाचे मालक, ज्यांना मी सर म्हणायची, ते तिच्या मते शिंगटी. "दिसायला गुळगुळीत, हात लावला की काटा." मी मांदेली, कारण अंगावर मांस नाही. रिक्षात शेजारच्या माणसाच्या हातात माशाची पिशवी दिसली की तिला राहवत नसे. "जरा बघू," म्हणून ती पिशवी उघडायची, कल्ला उचलून बघायची आणि परत द्यायची. मासा ताजा असेल तर काही बोलायची नाही. शिळा असेल तर त्या माणसाकडे इतक्या दुःखाने बघायची की तो पुढच्या नाक्यावर उतरून जायचा. मी तिच्याबरोबर रिक्षात बसले की दुसरीकडे, रस्त्याकडे बघत राहायची.

आमचं भांडण झालं ते म्हाकुलावरून.

जानेवारीतली गोष्ट. पाणी काचेसारखं होतं, आणि त्या दिवशी मला खडकाच्या आडोशाला एक म्हाकूल, म्हणजे कार्डावरचं कटलफिश, दिसलं. मी घरी येऊन सांगितलं की ते माझ्यासमोर आधी तपकिरी होतं, मग अंगावर पट्टे आले, मग वाळूसारखं पांढुरकं झालं.

"म्हाकूल पांढरंच असतं," ती म्हणाली.

"मेल्यावर. जिवंतपणी ते रंग बदलतं, मावशी."

"रंग बदलतं म्हणजे काय? ती काय साडी हाय?"

"मी डोळ्यांनी बघितलं."

"मी चाळीस वर्षं साफ केलीत. ह्या हातांनी. पाठीत पांढरं हाड, पोटात शाईची पिशवी. फुटली की लुगडं गेलं. रंगबिंग काय नाय."

मी मोबाईलवर एक व्हिडिओ काढून दाखवला. तिने तो शांतपणे पूर्ण बघितला आणि मोबाईल मला परत दिला. "मोबाईलमध्ये माणसं पण उडतात," ती म्हणाली.

दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. "आज कोण भेटलं" हेसुद्धा विचारलं नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तर ती दारात उभी, हातात पिशवी, पिशवीत टॉवेल.

"मी येते," ती म्हणाली. "मलाच बघू दे."

सर नाही म्हणाले. ते म्हणणारच होते. आमच्याकडे साठीनंतर कुणाला खाली नेत नसत, आणि मावशी सदुसष्ट वर्षांची, रक्तदाबाची गोळी चालू, पोहता येत नाही. जन्म समुद्राच्या काठी गेला, पण ती कधी कमरेच्या वर पाण्यात गेली नव्हती. त्यांच्यात पुरुष समुद्रावर जायचे आणि बायका किनाऱ्यावर थांबायच्या. सरांनी हे सगळं सभ्यपणे समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टर हो म्हणाला तर?"

सरांना वाटलं डॉक्टर हो म्हणणार नाही. म्हणून ते म्हणाले, "मग बघू."

डॉक्टरांनी तिचा कार्डिओग्राम काढला, कान तपासले, जिना चढायला लावला. मी सोबत होते. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "पण आजी, या वयात हे कशाला?"

ती म्हणाली, "ही पोरगी म्हणते म्हाकूल रंग बदलतं. मी म्हणते नाय बदलत. आता मेल्यावर कुणाला विचारू?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर लिहिलं की रक्तदाब आटोक्यात आहे, उथळ पाण्यात, अनुभवी माणसाबरोबर हरकत नाही. तो कागद तिने पदराच्या गाठीत बांधला आणि थेट सरांसमोर सोडला. मुंबईला मुलाला तिने काहीच कळवलं नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा ती गणपतीपुळ्याला जाणार असल्याचं सांगून मोकळी झाली.

मग तयारी. पहिली अडचण सूटची. लुगडं सोडून ती रबराच्या काळ्या सूटमध्ये शिरली, आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "शेवंड. कवचासकट." दुसरी अडचण कवळीची. तोंडात धरायचा तुकडा दातांनी नीट पकडावा लागतो. कवळी काढली तर पकड बसेना, ठेवली तर कवळीच हलायची. शेवटी दंतवैद्याकडून ती घट्ट करून आणली. तिसरी अडचण सगळ्यात मोठी होती. तिला गप्प बसता येत नव्हतं. कमरेएवढ्या पाण्यात मी तिला खाली बसवलं, तोंडात नळी, डोळ्यांना मास्क, फक्त श्वास घ्यायचा. अर्ध्या मिनिटात ती वर. "हा श्वास वाजतो कसा बघ, सायकलच्या पंपासारखा," हे सांगायला. पुन्हा खाली. पुन्हा वर. "अगो, पायाशी एक कालव हाय." अशी नऊ वेळा ती वर आली. दहाव्या वेळी मात्र चार मिनिटं राहिली. मी तिला खुणा शिकवल्या. अंगठा आणि पहिलं बोट जुळवलं की सगळं ठीक. अंगठा वर केला की वर चल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तोंडातलं सोडायचं नाही. काहीही झालं तरी.

"कळलं गो," ती म्हणाली. "पोर हाय का मी?"

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही उतरलो. होडीवर सर, मी आणि ती. वारा पडलेला, पाणी सपाट. मी तिच्या मागे राहून सिलिंडर धरला होता आणि इंचाइंचाने तिला खाली नेत होते. पाच फुटांवर कान दुखतात का विचारलं. तिने नाक दाबून हवा सोडली आणि बोटं जुळवली, ठीक. दहा फूट. पंधरा फूट. तिचा श्वास आधी भराभर चालला होता. तळाशी पोचलो तेव्हा तो माझ्यापेक्षा संथ झाला होता.

पट्टेवाले लगेच आले. ते येतातच, त्यांना वाटतं आपण खायला आणलंय. पंचवीस-तीस जण तिच्या मास्कभोवती फिरायला लागले आणि ती एकेकाकडे बोट दाखवत राहिली, बहुतेक मोजत होती. मग दोन हळकुंडं. मग खडकाच्या कपारीत एक गोबरा, नुसतं तोंड बाहेर. त्याच्याकडे ती इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं ही आता त्याचा कल्ला उचलून बघणार. मी तिला हळूच पुढे ढकललं. माझं सगळं लक्ष त्या आडोशाच्या खडकाकडे होतं. आदल्या दिवशी म्हाकूल तिथेच होतं. आज असेल याची काही खात्री नव्हती. 

ते होतं. वीतभर लांब, वाळूच्या हातभर वर तरंगत, कडेची झालर हलवत. तपकिरी. आम्ही दिसलो तसं ते सरकलं नाही, वळलं आणि सरळ मावशीकडे बघायला लागलं. मग त्याच्या पाठीवरून गडद पट्टे धावायला लागले, एकामागून एक, डोक्यापासून मागे. मग सगळे पट्टे एकदम पुसले गेले आणि ते खालच्या वाळूइतकं फिकट झालं. डोळे तेवढे उरले. मग पुन्हा तपकिरी. अंगावर बारीक बारीक टोकं उभी राहिली, खडकावरच्या शेवाळासारखी.

आणि मावशीने तोंड उघडलं.

तोंडातलं सुटलं, बुडबुड्यांचा मोठा लोट उठला, नळी बाजूला जाऊन सों सों करायला लागली. मी ती पकडली, तिच्या ओठांत घातली, बटण दाबून आतलं पाणी उडवलं. ती खोकली. नळीतूनच खोकली, तीनदा. तिच्या मास्कमध्ये मला दोन मोठे डोळे दिसत होते. मी अंगठा वर केला, चल वर. तिने मान हलवली, नाही. मी पुन्हा अंगठा केला. तिने माझा अंगठा मुठीत धरून खाली दाबला, दुसऱ्या हाताने दोन बोटं जुळवली, आणि खडकाकडे तोंड फिरवलं. म्हाकूल अजून तिथेच होतं.

नियमाप्रमाणे मी तिला त्या क्षणी वर आणायला हवं होतं. मी आणलं नाही. तिचा श्वास पुन्हा लागला होता, खोकला थांबला होता, आणि मी आणखी चार मिनिटं तिथे थांबले. हे बरोबर होतं असं मी आजही म्हणत नाही. पण ती चार मिनिटं मला स्पष्ट आठवतात. आम्ही दोघी आणि ते एकटं म्हाकूल, आणि त्याने त्या वेळात दाखवायचं ते सगळं दाखवलं.

वर आल्यावर होडीच्या काठाला धरून तिने पहिल्यांदा मास्क काढला. सरांनी तो बुडबुड्यांचा लोट वरून बघितला होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं खाली?"

"बोलले मी," मावशी म्हणाली.

"काय बोललात?"

"'म्हाकूल' म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार?"

सर तिला काही बोलले नाहीत, मला बोलले. किनाऱ्यावर, बाजूला नेऊन. तिच्या फुफ्फुसात पाणी गेलं असतं तर, छातीत कळ आली असती तर, हे सगळं बंद झालं असतं, आणि ते म्हणाले ते खरंच होतं. त्यांनी मला पंधरा दिवस पाण्यापासून दूर ठेवलं. सूट धुवायचे, सिलिंडर भरायचे, पर्यटकांचे बूट सांभाळायचे.

तिसऱ्या दिवशी मी सूट वाळत घालत होते तर मावशी आली. मला बाजूला सारून ती सरांसमोर उभी राहिली.

"तिला कशाला ठेवलीत बाहेर? तोंड माझं उघडलं."

"पण तिने तुम्हाला वर आणलं नाही, मावशी."

"मीच आले नाय. तिचा अंगठा धरून ठेवला होता." ती थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमचं पण बरोबर हाय. मला काय झालं असतं तर तुमचा धंदा गेला असता. माझं म्हाकूल बघून झालं असतं, तुम्ही काय केलं असतं?"

तिने पिशवीतून टॉवेल काढला.

"मला बसवा पाण्यात. बघा किती वेळ गप्प राहते."

सरांनी तिला खरंच कमरेएवढ्या पाण्यात बसवलं. स्वतः मनगटावरच्या घड्याळाकडे बघत शेजारी उभे राहिले. ती तेहतीस मिनिटं बसली. मध्ये एक खेकडा तिच्या पायाच्या बोटावर चढला, तरी ती वर आली नाही. बाहेर आल्यावर तिचे हात सुरकुतले होते, ओठ निळे. सरांनी तिला स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा पाण्यात होते, आणि मार्च उजाडेपर्यंत मावशी आणखी तीनदा खाली जाऊन आली; एकदा तिला बांगडेही भेटले.

मग शिमग्याला ती हर्णेला गेली. तिथे तिने हे सांगितलं असणारच. परत आली ती रागावूनच. "कोण विश्वास ठेवीत नाय. म्हणतात, म्हातारीला रत्नागिरी लागली."

दहा दिवसांनी आमच्या किनाऱ्यावर एक टेम्पो येऊन थांबला. पहाटे हर्णेहून निघालेल्या पाच बायका त्यातून उतरल्या. सगळ्या साठीच्या आगेमागे, केसांत अबोली, हातात डबे. चौघी हसत मावशीच्या गळ्यात पडल्या. पाचवी लांबच राहिली, डबा हातात धरून, समुद्राकडे बघत.

"ती कोण?" मी मावशीला विचारलं.

"चंद्राबाय." ती दुसरीकडे बघत म्हणाली. "लिलावाला माझ्या शेजारी बसायची. अठरा वर्षं आम्ही बोलत नाय."

"कशावरून?"

"बसायच्या जागेवरून. हातभर वाळू. आता तिथे आम्ही दोघी पण बसत नाय."

सरांनी सगळ्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. पाचातल्या दोघींना परवानगी मिळाली. एकीने ऐन वेळी, सूट बघूनच, नको म्हटलं. उरली चंद्राबाय, आणि तिने मागे फिरायचं नाही हे मावशीकडे एकदा बघूनच ठरवलं असावं. कमरेएवढ्या पाण्यात ती पहिल्याच खेपेला दहा मिनिटं बसली. मावशी किनाऱ्यावरून बघत होती. "तिला गप्प बसायची सवय हाय," एवढंच ती म्हणाली.

होडीत सगळ्याच आल्या. मावशी एका टोकाच्या फळीवर, चंद्राबाय दुसऱ्या टोकाला, मधे बाकीच्या आणि डबे. मी चंद्राबायला घेऊन खाली गेले. म्हाकूल त्या दिवशी नव्हतं. आम्ही खडकाला वळसा घातला, मी गोबरा दाखवला, पट्टेवाले दाखवले. ती बघत होती पण ओळख लागल्यासारखी दिसत नव्हती. मला काळजी वाटायला लागली की हिला इतक्या लांबून आणून आपण काय दाखवलं.

तेवढ्यात उजेड बदलला. वरून, खडकाच्या पलीकडून, बांगडे आले. शेकड्यांनी. हिरव्यानिळ्या पाठी, एका दिशेने, एका वेगाने, आणि सगळ्यांची तोंडं सताड उघडी, कल्ले फुगलेले, पाणी गाळत. आमच्या डोक्यावरून गेले, वळले, पुन्हा आले. मधेच सगळ्यांनी एकाच वेळी तोंडं मिटली आणि ते नुसते चांदीचे झाले, मग पुन्हा उघडली. मी हे फार क्वचित बघितलंय. मला स्वतःलाच ओरडावंसं वाटत होतं. चंद्राबाय मान मागे टाकून वर बघत होती. तिचे दोन्ही हात तिच्या नकळत पुढे आले होते, ओंजळ धरल्यासारखे.

वर आलो. मी तिला होडीत चढवलं, सिलिंडर काढला, मास्क काढला. बायका विचारत होत्या, "काय गो, काय दिसलं? भीती वाटली?" तिने एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. उत्तर दिलं नाही. ती काय सांगते ते या बायकांना कळणार नव्हतं, त्या खाली गेल्याच नव्हत्या. ओल्या सूटमध्ये, पाणी गाळत, डब्यांवरून पाय टाकत ती होडीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि मावशीसमोर उभी राहिली.

"बांगडा तोंड उघडं टाकून फिरतो," ती म्हणाली.

"हां," मावशी म्हणाली. "मधेच मिटतो पण."

"सगळे एकदम."

"एकदम."

चंद्राबायने तोल सावरला. होडी डुलत होती. "जन्मभर विकला आपण," ती म्हणाली, "आणि कधी बघितला नाय."

मावशीने फळीवर सरकून जागा केली.

"बस," ती म्हणाली. "पडशील."